गोलपोस्ट होती तिथं बाल्कनी

लंडनमधलं हायबरी स्टेडियम हे आर्सेनल क्लबचं ९३ वर्षांचं घर. आज तिथं फ्लॅट आहेत. मोठं होण्यासाठी एका क्लबनं राहतं घर सोडलं, त्याची ही गोष्ट.

समजा, एखाद्या बिल्डरनं अशी जाहिरात दिली: उत्तर लंडनमध्ये सातशेच्या वर फ्लॅट्स, मधोमध फुटबॉलच्या मैदानाएवढी बाग, ट्यूब स्टेशन अगदी पायाशी, दोन बाजूंना १९३०च्या दशकातले हेरिटेज दर्शनी भाग. आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ: ‘या बागेत पूर्वी थिएरी हेन्री गोल मारायचा.’

हसू नका. जाहिरात माझी असली, तरी प्रोजेक्ट खरा आहे. त्याचं नाव हायबरी स्क्वेअर. १९१३ ते २००६ या काळात तिथं आर्सेनल स्टेडियम उभं होतं. अधिकृत नाव तेच, पण सगळं जग त्याला हायबरी म्हणायचं. २००४ सालापर्यंत आर्सेनलनं इंग्लंडच्या लीगची १३ विजेतेपदं मिळवली आणि ती तेराच्या तेरा या पत्त्यावर राहत असताना मिळवली. मग क्लबनं पत्ता बदलला. चालत गेलात तर जेमतेम दहा मिनिटांवर.

आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या घरात सध्या हाच विषय चालू असतो. जुनी बिल्डिंग पाडायची का? मोठी जागा मिळेल, पण कर्ज किती होईल? शेजार सुटेल त्याचं काय? आर्सेनलनं या तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली आणि त्यांची किंमतही मोजली. म्हणून ही गोष्ट फुटबॉल न बघणाऱ्यांनीही वाचावी अशी आहे. ऑफसाइड समजला नाही तरी चालेल, ईएमआय समजतो ना? मग झालं!

नको असलेला शेजारी

आर्सेनल मूळचा उत्तर लंडनचा नाहीच. थेम्स नदीच्या दक्षिणेला वूलिच इथं सरकारी दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना होता, रॉयल आर्सेनल. तिथल्या कामगारांनी १८८६ मध्ये टीम काढली. कारखान्यातल्या एका विभागावरून तिचं पहिलं नाव पडलं डायल स्क्वेअर. क्लबच्या बिल्ल्यावर तोफ आहे आणि खेळाडूंना गनर्स म्हणतात, ते या कारखान्यामुळं.

पण वूलिच पडलं एका टोकाला. प्रेक्षक येईनात, पैसा येईना. १९१० मध्ये क्लब बुडायला आला, तेव्हा हेन्री नॉरिस या धंदेवाईक माणसानं तो हातात घेतला. १९१३ मध्ये टीम पहिल्या डिव्हिजनमध्ये तळाला गेली आणि खाली घसरली. नॉरिसनं हिशेब मांडला. प्रेक्षक आपल्याकडे येत नसतील, तर आपण प्रेक्षकांकडे जायचं. त्यासाठी जागा कुठली? जिथं ट्यूबचं स्टेशन दाराशी आहे ती! हायबरीमध्ये एका धर्मशिक्षण देणाऱ्या कॉलेजची मैदानं होती आणि शेजारी गिलेस्पी रोड स्टेशन. नॉरिसनं २० हजार पौंड देऊन २१ वर्षांचा भाडेपट्टा केला. कॉलेजनं अटही घातली होती. गुड फ्रायडे आणि ख्रिसमसला मॅच खेळायची नाही.

आजूबाजूच्या रहिवाशांनी बोंब ठोकली. आमच्या सभ्य वस्तीत ही फुटबॉलची गर्दी कशाला? जेमतेम सहा-सात किलोमीटरवरच्या टॉटनहॅम हॉटस्पर क्लबनंही तक्रार केली, कारण त्यांच्या गिऱ्हाइकांवर हा उघड डल्ला होता. कुणाचंच काही चाललं नाही. ६ सप्टेंबर १९१३ रोजी अर्धवट बांधलेल्या स्टेडियममध्ये लेस्टर फॉसविरुद्ध पहिली मॅच झाली आणि आर्सेनलनं ती २-१ अशी जिंकली. आर्सेनलचा हायबरीवरचा पहिला गोल जॉर्ज जोबीनं मारला. पुढं त्याला दुखापत झाली, तेव्हा त्याला न्यायला धड सोयही नव्हती. शेवटी एका दूधवाल्याची हातगाडी मागून आणली आणि तिच्यावरून त्याला नेलं, असा किस्सा क्लबच्या इतिहासात सांगतात. नव्या घरात सामान लागायच्या आधीच पाहुणे आले की असंच होतं!

१९२५ मध्ये क्लबनं ६४ हजार पौंड मोजून जागा विकतच घेतली. सणासुदीच्या मॅचेसवरची अटही गेली. भाडोत्री आता मालक झाला होता.

चॅपमनसाहेबांचे फंडे

त्याच वर्षी हर्बर्ट चॅपमन मॅनेजर म्हणून आला. आजच्या भाषेत सांगायचं तर ब्रँडिंग, मार्केटिंग आणि प्रॉडक्ट या तिन्ही डिपार्टमेंटचा तो एकटाच हेड होता. लाल शर्टाला पांढऱ्या बाह्या दिल्या त्याच्याच काळात, १९३३ मध्ये. १९२८ मध्ये शर्टांवर नंबर टाकून बघितले. स्टेडियमवर मोठं घड्याळ बसवलं, तेही ४५ मिनिटं मोजणारं. फुटबॉल असोसिएशननं नाक मुरडलं, म्हणून ते साधं बारा तासांचं करावं लागलं. दिव्यांच्या उजेडात मॅच खेळवायची त्याची कल्पना तर अधिकाऱ्यांनी धुडकावूनच लावली. हायबरीवर तशी मॅच व्हायला १९५१ साल उजाडलं.

पण सगळ्यात भन्नाट आयडिया म्हणजे स्टेशन. गिलेस्पी रोड हे कसलं नाव? चॅपमननं रेल्वेवाल्यांच्या मागं लागून लागून १९३२ मध्ये स्टेशनचं नावच ‘आर्सेनल’ करून घेतलं. नकाशे बदलले, तिकिटं बदलली, पाट्या बदलल्या. लंडनच्या ट्यूबमध्ये फुटबॉल क्लबच्या नावाचं स्टेशन तेवढं एकच. रोज लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर फुकटात जाहिरात! आज कंपन्या मेट्रो स्टेशनांना आपलं नाव लावायला कोट्यवधी मोजतात. हा माणूस त्यांच्या कितीतरी आधी तिथं पोचला होता.

स्टेडियमलाही त्याच काळात थाट आला. १९३२ मध्ये वेस्ट स्टँड आणि १९३६ मध्ये ईस्ट स्टँड, दोन्ही आर्ट डेको शैलीतले. मरीन ड्राइव्हच्या जुन्या इमारती बघितल्या असतील, तर गोलसर कोपरे आणि सरळ रेघांची ती स्टाइल डोळ्यांसमोर येईल. ईस्ट स्टँडवर तेव्हाचे १ लाख ३० हजार पौंड खर्च झाले. त्याच्या दारातून आत गेलं की संगमरवराचा तो प्रसिद्ध हॉल लागायचा. तिथं चॅपमनचा अर्धपुतळा बसवला होता, शिल्पकार जेकब एपस्टाइननं केलेला. पुतळा अशासाठी की साहेबांना ईस्ट स्टँड बघायला मिळालाच नाही. जानेवारी १९३४ मध्ये न्यूमोनियानं ते गेले.

या घरानं काय काय पाहिलं

चॅपमनच्या पाठोपाठ टीमनं १९३०च्या दशकात पाच लीग विजेतेपदं घेतली. ९ मार्च १९३५ रोजी संडरलँडविरुद्धची मॅच बघायला ७३,२९५ लोक आले. हायबरीचा हा विक्रम कधीच मोडला नाही. गंमत म्हणजे मॅच सुटली ०-०!

जानेवारी १९२७ मध्ये बीबीसीनं लीगच्या मॅचचं पहिलं रेडिओ समालोचन केलं, ते हायबरीवरून. फुटबॉल पहिल्यांदा टीव्हीवर दिसला १९३७ मध्ये, तोही हायबरीवरून. आर्सेनलची मुख्य टीम विरुद्ध आर्सेनलचीच राखीव टीम. नोव्हेंबर १९३४ मध्ये इंग्लंडनं नुकत्याच विश्वविजेत्या झालेल्या इटलीला इथं ३-२ असं हरवलं, तेव्हा इंग्लंडच्या अकरांपैकी सात जण आर्सेनलचे होते. ती मॅच इतकी आडदांड झाली की तिचं नावच ‘हायबरीची लढाई’ पडलं.

मग खरी लढाई आली. दुसऱ्या महायुद्धात स्टेडियम हवाई हल्ल्यांपासून बचाव करणाऱ्या पथकांच्या ताब्यात गेलं आणि नॉर्थ बँकवर बॉम्ब पडले. आर्सेनल ‘घरच्या’ मॅचेस कुठं खेळला माहितीय? टॉटनहॅमच्या मैदानावर! ज्यांनी १९१३ मध्ये तक्रार केली होती, त्यांच्याच घरी.

१ फेब्रुवारी १९५८ ला मँचेस्टर युनायटेडची तरुण टीम हायबरीवर आली आणि ५-४ अशी जिंकून गेली. पाचच दिवसांनी म्युनिकच्या विमान अपघातात त्या टीममधले आठ खेळाडू गेले. इंग्लंडच्या भूमीवरची त्यांची शेवटची मॅच हीच. १९६६ मध्ये हेन्री कूपरशी लढायला महंमद अलीसुद्धा याच मैदानावर उतरला होता.

पण आकड्यांत न मावणारं एक हायबरीपण होतं. मैदान आखूड आणि स्टँड अगदी लगटून. पहिल्या रांगेतला माणूस हात लांब करील तर खेळाडूला लागेल, असं. बाहेर पडलात की थेट लोकांच्या घरांची दारं. मोठं पार्किंग नाही, मॉल नाही, मोकळं पटांगण नाही. गल्लीत वळावं आणि दोन घरांच्या मध्ये स्टेडियम दिसावं. अनेक चाहत्यांची शेवटची इच्छा आपली रक्षा इथं विखुरली जावी अशी असायची आणि घरचे लोक ती पुरीही करायचे. इतकं माणूस फक्त घरावर प्रेम करतो.

जागा पुरेना

१९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या चाहत्यांचे जीव गेले. मृतांचा आकडा पुढं ९७ वर पोचला. त्यानंतरच्या टेलर अहवालामुळं मोठ्या क्लबांच्या स्टेडियममध्ये उभं राहून मॅच बघणं बंद झालं. प्रत्येकाला खुर्ची हवी. हायबरीची नॉर्थ बँक म्हणजे उभ्या प्रेक्षकांचा बालेकिल्ला. ती १९९२ मध्ये पाडली आणि १९९३ मध्ये खुर्च्यांसकट नवी उभी केली. मधल्या काळात बांधकाम झाकायला प्रेक्षकांची चित्रं काढलेला एक अजस्र पडदा लावला होता. टीम आपली चित्रातल्या माणसांसमोर खेळायची!

खुर्च्या आल्या, सुरक्षितता आली, पण जागा घटली. एकेकाळी ७३ हजार लोक मावलेल्या स्टेडियममध्ये आता ३८,४१९ जण बसू शकत होते. इकडे १९९६ मध्ये आर्सेन वेंगर मॅनेजर झाला होता आणि टीम सॉलिड खेळत होती. मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड मात्र मोठं मोठं होत चाललं होतं. दर मॅचला त्यांच्या आणि आपल्या गल्ल्यात केवढा फरक! १९९८ ते २००० या दोन मोसमांत तर आर्सेनलनं चॅम्पियन्स लीगच्या घरच्या मॅचेस वेम्बलीवर नेल्या.

मग हायबरीच वाढवायचं? इथं मेख होती. ज्या ईस्ट स्टँडच्या देखणेपणावर सगळे फिदा, त्याला १९९७ मध्ये वारसा इमारत म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं. हात लावायचा नाही. बाकी सर्व बाजूंनी घरं. त्यांतली कितीतरी पाडल्याशिवाय स्टँड वाढणार नव्हते, आणि १९१३ सारखेच १९९० च्या दशकातले रहिवासीही गप्प बसणारे नव्हते. जे हायबरीचं सौंदर्य होतं, त्यानंच हायबरीचे हात बांधले. जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

क्लबनं काढलं होम लोन

१९९९ मध्ये नवी जागा जाहीर झाली, ॲशबर्टन ग्रोव्ह. शेजारीच. पण तिथं तेव्हा काय होतं? कारखाने, गोदामं आणि कचरा हाताळण्याचं केंद्र. स्टेडियम बांधायच्या आधी या सगळ्यांना दुसरीकडे जागा द्यायची. डिसेंबर २००१ मध्ये इस्लिंग्टन कौन्सिलनं परवानगी दिली, पण पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत काम रखडलं. २००४ मध्ये बँकांकडून २६ कोटी पौंडांचं कर्ज मिळालं. त्याच वर्षी एमिरेट्स एअरलाइननं स्टेडियमचं नाव आणि खेळाडूंचे शर्ट यांसाठी १० कोटी पौंडांचा करार केला. एकूण खर्च सांगितला गेला सुमारे ३९ कोटी पौंड.

आणि उरलेली गोळाबेरीज? जुनं घर. हायबरीच्या जागेवर क्लब स्वतःच फ्लॅट बांधून विकणार होता. म्हणजे बघा, आपण जुना वन रूम किचन विकून नव्या फ्लॅटचं डाऊन पेमेंट करतो ना? अगदी तेच, फक्त शून्यं जास्त!

हे सगळं चालू असताना टीम काय करत होती? २००३-०४ चा अख्खा मोसम न हरता जिंकत होती. ३८ मॅचेस, २६ विजय, १२ बरोबरी, पराभव शून्य. तो सिलसिला पुढं लीगच्या सलग ४९ मॅचेसपर्यंत चालला. घर सोडायचं ठरलं होतं, तेव्हाच घर सगळ्यात सुंदर दिसत होतं.

शेवटचा रविवार

२००५-०६ हा निरोपाचा मोसम. खेळाडूंनी नेहमीचा लाल शर्ट सोडून गडद, जांभळट लाल शर्ट घातला, १९१३ च्या आठवणीत. त्या वर्षी रेआल माद्रिद आणि युव्हेंटसला मागं टाकत टीम चॅम्पियन्स लीगच्या फायनलला पोचली. व्हियारेआलविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये एक खार मैदानात घुसली आणि मॅचपेक्षा जास्त टाळ्या घेऊन गेली.

७ मे २००६. समोर विगन. त्याच दिवशी तिकडे टॉटनहॅम वेस्ट हॅमशी खेळत होता आणि चौथ्या जागेसाठी, म्हणजे पुढच्या चॅम्पियन्स लीगच्या तिकिटासाठी, या दोन शेजाऱ्यांत चुरस होती. टॉटनहॅमचे कितीतरी खेळाडू आदल्या रात्रीपासून पोट बिघडून आडवे झालेले. हायबरीवर मात्र विगननं २-१ अशी आघाडी घेतली. निरोपाच्या दिवशी पाहुणाच वरचढ! मग हेन्रीनं लागोपाठ तीन गोल केले. तिसरा पेनल्टीवर. तो मारून तो गुडघ्यांवर बसला, वाकला आणि त्यानं गवताचं चुंबन घेतलं. स्कोअर ४-२. टॉटनहॅम हरला, चौथी जागा आर्सेनलला. हायबरीवर पुन्हा कधी गोल झाला नाही.

त्यानंतर सामानाचा लिलाव झाला. खुर्च्यासुद्धा चाहत्यांना विकायच्या होत्या. पण त्यांच्या प्लॅस्टिकमध्ये कॅडमियम या घातक धातूचा अंश सापडला आणि तो बेत रद्द झाला. वर्षानुवर्षं ज्या खुर्चीवर बसलो, ती घरी नेता आली नाही, याची हळहळ किती जणांना लागून राहिली असेल!

हप्ते फेडायची वर्षं

एमिरेट्स स्टेडियम जुलै २००६ मध्ये सुरू झालं. साठ हजारांच्या वर खुर्च्या. पहिल्याच मोसमात मॅचच्या दिवसांचं उत्पन्न जवळजवळ दुप्पट झालं. मग सगळं मस्त चाललं असेल? कुठलं! २००७ मध्ये हेन्री बार्सिलोनाला गेला. २००८ मध्ये जगभर घरांचा बाजार कोसळला आणि हायबरी स्क्वेअरच्या फ्लॅटसाठी काढलेलं १३ कोटी पौंडांच्या वरचं वेगळं कर्ज डोक्यावर होतं. फ्लॅट विकत विकत ते पुढं फिटलं, पण धाकधूक करूनच. २०११ मध्ये फाब्रेगास आणि नासरी गेले. २०१२ मध्ये कॅप्टन रॉबिन व्हॅन पर्सी थेट मँचेस्टर युनायटेडला गेला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्याकडून लीग जिंकला.

२००५ च्या एफए कपनंतर पुढची मोठी ट्रॉफी मिळायला २०१४ साल उजाडलं. त्या फायनलमध्येही हल सिटीविरुद्ध दोन गोलांनी मागं पडून टीम ३-२ अशी जिंकली. आणि लीग? २००५ ते २०२५ पर्यंतच्या एकाही मोसमात मिळाली नाही. अर्थात सगळा दोष कर्जाचा नाही. त्याच काळात चेल्सी आणि मँचेस्टर सिटीकडे असे मालक आले, ज्यांना हप्त्यांची फिकीरच नव्हती. तरीही त्या तंगीच्या आठ वर्षांत वेंगरची टीम एकदाही पहिल्या चारांच्या बाहेर गेली नाही. घरात मिळवता एकच, हप्ता मोठा, आणि तरी पोरांच्या शाळेची फी वेळेवर भरणाऱ्या बापाचं जे कौतुक आपल्याला वाटतं, तेच मला वेंगरबद्दल वाटतं. २०१८ मध्ये तो गेला तेव्हा अर्धं स्टेडियम त्याच्यावर वैतागलेलं होतं. २०२३ मध्ये त्याच स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा बसला.

नव्या घराचा आणखी एक प्रॉब्लेम होता. ते घर वाटेना. एकदम चकाचक, पण विमानतळासारखं! शेवटी क्लबनं २००९ पासून त्याला ‘आर्सेनल’ करायची मोहीमच काढली. एका बाजूला पुन्हा नॉर्थ बँक नाव दिलं, दुसऱ्या बाजूला क्लॉक एंड आणि त्यावर जुन्यासारखं घड्याळ. चॅपमन, टोनी ॲडम्स आणि हेन्री यांचे पुतळे आले. म्हणजे नव्या फ्लॅटमध्ये आजीचा देव्हारा आणि आजोबांचं घड्याळ लावतात, तसं.

अगं, ही तर सोसायटी!

मागच्या वर्षी एका कामासाठी लंडनला गेले होते, तेव्हा एक संध्याकाळ राखून ठेवली. आमच्या घरात आर्सेनल आणला माझ्या मावसभावानं. तेव्हा मी शाळेत होते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनची मॅच लाइव्ह दाखवत नाहीत. आपल्याकडे मात्र ती संध्याकाळी टीव्हीवर दिसते. म्हणजे लंडनकरांना जे घरी बसून बघता यायचं नाही, ते आम्ही वरणभाताचं ताट घेऊन बघत होतो.

सोबत तिथं नोकरी करणारी एक मैत्रीण होती, पुण्याची. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. आर्सेनल स्टेशनवर उतरलो. प्लॅटफॉर्मच्या भिंतीवर टाइल्समध्ये अजून मोठ्या अक्षरांत जुनं नाव आहे, गिलेस्पी रोड. सरकता जिना नाही. लांबलचक चढता बोगदा आणि मॅचच्या गर्दीसाठी मध्येच कठडा घालून केलेली वेगळी वाट. मॅच नव्हती, त्यामुळं तिथं आम्ही दोघी आणि आमच्या बुटांचा आवाज.

बाहेर पडलो तर साधी निवासी गल्ली. ॲव्हनेल रोडवर वळलो आणि ईस्ट स्टँड समोर आला. पांढुरका, उंच, वर लाल अक्षरांत आर्सेनल स्टेडियम, तोफेचं चिन्ह. क्षणभर वाटलं, आत आत्ता मॅच चालू असेल. मग खिडक्यांतले पडदे दिसले. एका खिडकीत कुंडी. कुणीतरी सायकल घेऊन आत चाललेलं.

मैत्रीण म्हणाली, “अगं, ही तर सोसायटी आहे!”

म्हटलं, “हो. पण हिच्या अंगणात लीग जिंकलेली आहे.”

मधली बाग बाहेरून जेवढी दिसली तेवढी पाहिली. नीट कापलेली झाडं, काच, शांतता. पूर्व-पश्चिमेला जुने दर्शनी भाग ठेवलेत, उत्तर-दक्षिणेला नव्या इमारती. म्हणजे नॉर्थ बँक आणि क्लॉक एंड होते तिथं लोक आता झोपतात. आर्किटेक्ट मंडळींनी काम देखणं केलंय, त्यात वाद नाही. तरी माझ्या डोक्यात एकच विचार चालला होता. कायद्यानं भिंत वाचली, पण आवाज कुठल्या कायद्यानं वाचवायचा?

जायचं असेल तर

पिकॅडिली लाइननं आर्सेनल स्टेशन गाठा. हीथ्रो विमानतळावरूनही हीच लाइन येते, गाडी बदलायची गरज नाही. आधी ॲव्हनेल रोडवरचा ईस्ट स्टँड बघा, मग हायबरी हिलच्या बाजूचं वेस्ट स्टँडचं दार. इथं माणसं राहतात, तेव्हा आवाज कमी आणि खिडक्यांत कॅमेरे नकोत. तिथून एमिरेट्स चालत दहा मिनिटं. तिथली स्टेडियम टूर आणि क्लबचं म्युझियम करा. मॅचचं तिकीट मात्र खूप आधी बघायला लागतं, ऐन वेळी मिळेल या भरवशावर जाऊ नका.

मग बरोबर केलं का?

माझं मत विचाराल तर, हो. हायबरीत राहिले असते तर आर्सेनल हळूहळू एक गोड, जुना, मधल्या फळीतला क्लब झाला असता. लोक फोटो काढायला आले असते. वूलिचमधून १९१३ मध्ये निघताना नॉरिसनं जो हिशेब केला होता, तोच ९३ वर्षांनी त्याच्या वारसदारांनी केला. हा क्लब जन्मल्यापासून घरं बदलत आलाय. हायबरीला घर म्हणायला लोकांना वेळ लागला, तसा तो एमिरेट्सलाही लागला. आणि हळूहळू तिथंही आवाज जमायला लागलाय. टीव्हीवरसुद्धा कळतं.

पण बरोबर निर्णयालाही किंमत असते, हे कुठल्याच ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं. इथं ती किंमत पौंडांत नव्हती. वीस-बावीस वर्षांचा एखादा पोरगा २००६ मध्ये नव्या स्टेडियमकडे चालत गेला, तो चाळिशी ओलांडेपर्यंत लीगच्या विजेतेपदाची वाट बघत राहिला. हप्ता भरला तो त्यानं. दर शनिवारी, आवाज देऊन.

तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पुढच्या वेळी कार्पेट एरियावर भांडण सुरू झालं की एक प्रश्न जरूर विचारा. नव्या बिल्डिंगमध्ये जुन्यातलं काय न्यायचं? आर्सेनलला घड्याळ न्यायला चार वर्षं लागली. तुम्ही आधीच ठरवून ठेवा.